अकडसासूचा कठडा

पुष्पाबाईला धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा, आणि हे तिच्या नवऱ्याखेरीज गावात कोणालाही ठाऊक नव्हतं. लोकांना वाटायचं, या दोघींचं सख्य म्हणजे काय विचारता. पुष्पाबाई मोताळ्याहून माहेरी रोहिणखेडला आली की बैलगाडीतून उतरता उतरता कोकिळेची चौकशी करायची, आणि बाया एकमेकींना म्हणायच्या, पाहा, किती जीव आहे बहिणीवर. ती चौकशी कसली असायची ते तिच्या नवऱ्याला, उकंडरावाला विचारावं. बाप कोकिळेशी काय बोलला, किती वेळ बोलला, आणि बोलताना हसला का, एवढंच तिला हवं असायचं.

हेव्याला कारण लागतंच असं नाही, पण पुष्पाबाईकडे होतं. तिच्या बापाला, पुंजाजीला, मुलगा नव्हता. दोन मुली आणि पटाचे दोन बैल, एवढाच त्याचा संसार. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, नुसतं पट म्हटलं तरी चालतं. सरळ रान, शेजारी शेजारी दोन छकडे, एकेकाला दोन बैल आणि हाकायला एक धुरकरी. वळण नाही, फेरा नाही. झेंडी पडली की सुटायचं आणि पुढची रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. पोरी लहान होत्या तेव्हा पुंजाजी कोकिळेला खांद्यावर घेऊन गावोगावचे पट दाखवायचा. पुष्पी मोठी, भाकरी थापता येणारी, म्हणून ती घरी. त्या भाकरी अजून तिच्या हाताला चटके देत होत्या.

पुढे लग्नं झाली. पुष्पाबाई मोताळ्याला गेली, चांगली जमीनवाल्या घरात. कोकिळा धामणगाव बढ्याला, बेताच्या घरात. इथं खरं तर हिशेब फिटायला हवा होता. पण कोकिळेचा नवरा शेषराव निघाला पटाचा वेडा, लोकांच्या जोड्या हाकणारा, आणि सासऱ्याचं नि त्याचं असं काही जुळलं की विचारू नका. सणाला दोन्ही जावई आले की पहिला पाट आणि पहिलं ताट उकंडरावाला, कारण तो मोठा जावई. रीत ती रीत. मग पुंजाजी शेषरावाकडे तोंड करून बसायचा आणि बैलांच्या खुरांपासून शिंगांपर्यंत बोलत राहायचा. ताट इकडे आणि तोंड तिकडे, हे पुष्पाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायची.

महाराष्ट्र होऊन चारपाच वर्षं झाली असतील त्या सालची ही गोष्ट. पुंजाजीचे गुडघे गेले. धुरकऱ्याला छकड्यावर उकिडवं बसावं लागतं, ते त्याला जमेना. संक्रांतीला सगळे जमले असताना त्यानं सांगून टाकलं की यंदा महाशिवरात्रीच्या पटाला रोहिणखेडच्या रानात शेषराव जोडी हाकेल. आणि जोडीनं पहिल्या बक्षिसाची ढाल आणली तर कासरा कायमचा त्याचा. कासरा म्हणजे तशी बैल हाकायची दोरी, बाजारात मिळते. पण पुंजाजीच्या घरात ज्याच्या हाती कासरा तो घरचा लेक, हे सगळ्यांना समजलं. पुष्पाबाईला सगळ्यांत आधी समजलं.

घरी परतल्यावर तिनं नवऱ्याला धारेवर धरलं.

"तुमी मोठे जवाई हाय. तुमाले काऊन नाही इचारलं?"

"मले इचारलं असतं त मी हाकला असता," उकंडराव म्हणाला. त्यानंही उमेदीत दोन पट मारले होते. "नाही इचारलं त नाही हाकत. तू काऊन डोक्शाले ताप करून राह्यली?"

"तुमाले काही लाज?"

"हाय ना. पण लाजेपाई जेवण काऊन सोडू? वाढ."

अशा माणसाशी भांडून उपयोग नसतो. पुष्पाबाईनं वाढलं, पण भाजीत मीठ घालायला ती विसरली, आणि उकंडरावानं ते बोलून दाखवलं नाही.

पट आठवड्यावर आला तेव्हा ती तयारीला मदत म्हणून एकटीच माहेरी गेली. कोकिळा आणि शेषराव आधीच येऊन बसले होते, म्हणजे तेही खटकलंच. अंगणात लिंबाखाली कडूबा सुतार छकड्यावर रंधा मारत होता. पटाचा छकडा म्हणजे असतो तरी किती. दोन लांब दांड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या फळ्या, खाली आख आणि दोन चाकं, पुढे बैलांपर्यंत गेलेला धुरा. सांधे सगळे चामड्याच्या वाद्यांनी आवळलेले. आमच्याकडे छकड्याचं शास्त्र एकच होतं, हलका तो पळता. म्हणून कडूबा दांड्या तासून तासून बारीक करत होता आणि शेषराव पायाशी पडलेला भुसा हातात घेऊन खूश होत होता. पटाच्या दिवशी शेषराव कमरेचा करदोटासुद्धा काढून ठेवतो अशी त्याची चेष्टा व्हायची.

पुष्पाबाई ओसरीवर बसून बघत राहिली. मूठभर भुशानं या माणसांना एवढा आनंद होतो, तर मणभर ओझ्यानं काय होईल, असं तिच्या मनात आलं. आणि मग ती उठलीच.

"शेषराव, इकडं या बरं जरा."

शेषराव आला, खाली मान घालून उभा राहिला.

"मागच्या साली खालच्या अंगाच्या गावच्या पटात तो पोट्टा छकड्याखाली गेला, आयकलं ना तुमी? दांडी छातीवर आली त्याच्या."

"हाव बाई, आयकलं."

"मंग? माह्या बहिणीचं कुंकू मले असं उघड्यावर ठेवायचं नाही. या छकड्याले कठडा पाह्यजे. वरून कमान, बाजूनं गज. उलटला त माणूस आत राह्यला पाह्यजे."

शेषरावाचा चेहरा पडला. "बाई, त्यानं वजन होते."

"होऊ द्या. जिवापरीस वजन जास्त हाय काय?"

इथं एक सांगायला हवं. बायकोच्या मोठ्या बहिणीला अकडसासू म्हणतात. सासूचा मान आणि वर अकड, नावातच आलं सगळं. सख्ख्या सासूला जावई एखाद्या वेळी नाही म्हणतो; सासू रुसते आणि मनवली की हसते. अकडसासूचा शब्द मोडायची मात्र रीत नाही. तिच्यासमोर जावई खाटेवर बसत नाही, तिच्याशी थट्टा करत नाही, आणि चारचौघांत तिनं काही सांगितलं की ते झालं असं धरायचं. शेषरावानं सासऱ्याकडे पाहिलं. पुंजाजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लेक असावी त अशी," पुंजाजी म्हणाला. "घाला कठडा."

कडूबानं रंधा खाली ठेवला. "बांबूची कमान करतो मंग. हलकी होते."

"बांबू मोडते," पुष्पाबाई म्हणाली. "लोखंडाची करा."

गोठ्याच्या मागे जुन्या चाकांच्या लोखंडी धावा गंजत पडल्या होत्या. लोहाराला बोलावणं गेलं. एक कमान धुरकऱ्याच्या पाठीमागे डोक्याच्या वर जाईल अशी, एक पुढे कमरेएवढी, दोन्ही जोडणारे गज दोन्ही बाजूंना. कडूबा कमानीचे पाय दांड्यांना वाद्यांनी बांधू लागला तर पुष्पाबाईनं तेही चालू दिलं नाही. वादी सुटते, बोल्ट मारा, आरपार मारा, आणि तसेच सगळ्या फळ्यांनाही मारा. बोल्ट लोखंडाचे असतात आणि लोखंडाला वजन असतं. एवढं झाल्यावरही तिचं समाधान होईना. तिनं छकड्याभोवती एक फेरी मारली.

"तळाले अन् मांगच्या कमानीत फुली मारा. तिरप्या पट्ट्या."

"फुली कायले?" लोहार म्हणाला.

"वाड्याच्या फाटकाले अस्ते ना तिरपी पट्टी. फाटक लचकते काय कधी?"

हे ती बोलून गेली आणि विसरून गेली. तिला हवं होतं ते पट्ट्यांचं ओझं. फाटकाचं तोंडाला आलं म्हणून बोलली. फाटक का लचकत नाही याचा विचार त्या अंगणात कोणीच केला नाही, कडूबानं नाही, लोहारानं नाही, पुंजाजीनंही नाही. सगळे वजनाचंच रडगाणं गात होते. कोकिळा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं, कप वाटले आणि आत गेली.

काम संपलं तेव्हा कडूबानं मागची दांडी धरून छकडा उचलून पाहिला आणि परत खाली टेकवला. "हा छकडा नाही राह्यला, बंडी झाली. हिच्यात कापूस भरा अन् मलकापुरले नेऊन टाका."  शेषराव नुसता दांडीवरून हात फिरवत बसला, आणि पुष्पाबाईला तो सबंध दिवस फार गोड गेला.

महाशिवरात्रीला रान माणसांनी फुललं. बायांसाठी एका अंगाला बाभळींखाली गाड्या सोडल्या होत्या. पुष्पाबाई आणि कोकिळा एकाच गाडीत बसल्या, गावाला दिसावं म्हणून अगदी खांद्याला खांदा लावून. उकंडराव सकाळीच आला होता. त्यानं कठडा पाहिला, मग बायकोकडे पाहिलं, आणि पान खायला निघून गेला. पुंजाजीचा छकडा रेघेवर आला तेव्हा लोक हसले. कोणी म्हणालं पिंजरा आणला, कोणी म्हणालं आत पोपट कोणता. पुष्पाबाईनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, तिला वाईट वाटतंय.

झेंडी पडली. आता काय झालं ते नीट सांगतो, कारण पुढं लोकांनी ते भलतंसलतं करून सांगितलं.

पुंजाजीच्या जोडीची एक खोड सगळ्या भागाला माहीत होती. सुटताना ती डावीकडे सरकायची. डावा बैल तांब्या, तो खोडकर, असं सगळे म्हणायचे आणि बिचाऱ्या तांब्यानं त्यापायी चाबूकही खाल्ला होता. खोड तांब्याची नव्हतीच, छकड्याची होती. हलक्या, वाद्यांनी बांधलेल्या छकड्याला बैलांनी पहिला हिसका दिला की आधी वाद्या ताणायच्या, मग दांड्या तिरप्या व्हायच्या, एक चाक पुढे आणि एक मागे राहायचं. बैलांची पहिली उडी त्या लचकण्यातच जिरून जायची. मग तिरपा झालेला छकडा धुऱ्याला एका अंगाला ओढायचा, आणि उरलेला वेळ धुरकरी कासरा खेचून जोडी सरळ करत बसायचा. सगळेच छकडे असे लचकत होते, म्हणून कोणाला ते खटकत नव्हतं.

त्या दिवशी बैल उडाले आणि छकडा त्यांच्याबरोबरच उडाला. दांडी हलली नाही, चाक मागे राहिलं नाही. बोल्टांनी, फुलीनं आणि त्या दोन कमानींनी चारही कोपरे एकमेकांना धरून ठेवले होते. वजन होतं, खोटं कशाला सांगू, पण वजनानं जेवढं खाल्लं त्याच्या कितीतरी पट लचक बंद झाल्यानं परत आलं. तांब्या नाकासमोर पळाला. शेषरावाला कासरा ओढावा लागला नाही, तो नुसता धरून बसला होता. शेजारचा छकडा वळवळत मागे पडला.

"पाह्य बे, छकडा कसा अकडून चाल्ला," कडेला उभा असलेला एकजण म्हणाला.

"अकडनच ना," दुसरा म्हणाला. "अकडसासूनं बनवला तो."

लोकांनी तो शब्द उचलला. दुसऱ्या फेरीला "अकडसासू आली" अशी आरोळीच उठली, आणि गाडीतल्या बाया पुष्पाबाईला कोपरानं ढोसू लागल्या. करायला गेली काय आणि झालं काय. पुष्पाबाईचं तोंड कडू झालं. तिनं मनातल्या मनात महादेवाला सांगितलं की आता तरी हरव. महादेव त्या दिवशी उपासाला बसलेला असावा, त्यानं ऐकलं नाही. एकामागून एक फेऱ्या मारत पुंजाजीची जोडी शेवटच्या लढतीला आली.

शेवटची लढत मलकापूरकडच्या एका जोडीशी होती. तीही शेषरावानं मारली, बैलाच्या लांबीनं. बायांनी टाळ्या पिटल्या. पण रेघ ओलांडल्यावर मलकापूरची जोडी बुजली आणि आडवी शेषरावाच्या पुढ्यात आली. त्यानं कासरा खेचला. उजवं चाक बांधावर चढलं, छकडा एका अंगावर झाला, आणि मग पुरता उलटला. जू सुटून बैल बाजूला पळाले. धुळीत काहीच दिसेना.

कोकिळेनं पुष्पाबाईचं मनगट धरलं. एवढं जोरात की दोन बांगड्या वाढवल्या.

आणि त्या वेळी पुष्पाबाईच्या मनात आलं की कासरा आता आपल्याकडे येईल. विचार वाईट होता आणि तो वाईट आहे हे तिला कळतही होतं. तिनं तो हाकलला नाही. धूळ बसेपर्यंत तो तिच्याजवळच राहिला.

धूळ बसली. छकडा उताणा पडला होता, पण पूर्ण जमिनीला लागला नव्हता. मागची कमान मातीत रुतून बसली होती आणि तिच्यावर सगळं ओझं तोललं होतं. खाली माणूस मावेल एवढी जागा शिल्लक होती आणि त्या जागेत शेषराव बसला होता. गजांमधून तो सरपटत बाहेर आला. कोपर सोललं होतं, पागोटं कुठंतरी गेलं होतं, बाकी धड होता.

मग जे झालं ते पुष्पाबाईला सहन करावं लागलं. बाया गाडीवर चढून तिच्या कपाळाला कुंकू लावू लागल्या. तिची माय मनकर्णाबाई आली आणि तिनं लेकीवरून हात ओवाळून बोटं कडाकडा मोडली. शेषरावानं तर चारचौघांत तिच्यासमोर डोकं टेकवलं. कडूबा सुतार गर्दीत सांगत फिरत होता, "मीच म्हणलं होतं, लोखंडाशिवाय जमत नाही." पंचायत समितीच्या सभापतींनी ढाल देताना भाषणात मोठ्या बहिणीच्या मायेचा दाखला दिला. पुष्पाबाई सगळ्यांकडे पाहून हसत होती आणि आत जळून खाक होत होती. कारण ढाल आली होती. म्हणजे कासरा गेला होता.

दुपार कलताना पुंजाजीच्या ओसरीवर सगळे बसले. पुंजाजी आतून कासरा घेऊन आला. अजून धुळीनं भरलेला होता. शेषराव अर्धा उठलाच होता, पण पुंजाजी त्याच्यापाशी थांबला नाही. तो पुष्पाबाईसमोर येऊन उभा राहिला.

"आज माह्यं घर या पोरीनं राखलं," तो म्हणाला. "जोडी जितली ते बी तिच्या कठड्यानं, जवाई वाचला तो बी तिच्या कठड्यानं. मी कासरा तिच्या हाती देतो. तिनं कोणाले द्यायचा त्याले द्यावा."

सगळ्यांना ठाऊक होतं ती कोणाला देणार. ज्या बहिणीनं कुंकू राखलं ती कासरा कसा अडवेल? शेषरावानं हात पुसून पुढं केले. पुष्पाबाईनं कासरा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा बापानं आपण होऊन तिच्या हाती काही दिलं होतं. ती उठली, शेषरावाच्या पुढून गेली, आणि खांबाला टेकून बसलेल्या उकंडरावाच्या मांडीवर तिनं कासरा ठेवला.

 पुंजाजी खाली बघू लागला.  उकंडराव कासऱ्याला हात न लावता बायकोकडे बघत राहिला. पुष्पाबाई ताठ उभी होती. जे म्हणायचं ते म्हणा, आता परत घेणार नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

तेवढ्यात कोकिळा दारातून पुढं आली.

"बाबा, बराबर केलं बाईनं," ती म्हणाली. "मोठ्या जवायाचा मान पह्यला. माह्या माणसाचा जीव तिनं देल्ला, मंग कासऱ्याचं काय एवढं? मी माह्या खुशीनं देते. घ्या भाऊजी, उचला."

ओसरीनं श्वास सोडला. पुंजाजीचा चेहरा उजळला. शेषराव आधी हिरमुसला होता, पण बायकोनं एवढं मन मोठं केल्यावर तोही हसला आणि त्यानं स्वतः कासरा उचलून उकंडरावाच्या हाती दिला. म्हातारी माणसं म्हणू लागली, बहिणी असाव्यात तर अशा. पण बोलताना ती कोकिळेकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाई आणि उकंडराव मोताळ्याच्या वाटेला लागले. पटाचे बैल, तांब्या आणि त्याचा जोडीदार पाखऱ्या, आठ दिवसांनी न्यायचे ठरले होते. उकंडरावानं मिळालेला कासरा मांडीवर घेतला होता आणि घरच्या गाडीचे बैल हाकता हाकता तो गुणगुणत होता. लग्न झाल्यापासून त्याला असं गुणगुणताना तिनं पाहिलं नव्हतं.

"आता त मन भरलं ना तुह्यं?" त्यानं विचारलं.

 गाव मागं पडलं, पऱ्हाटीची रिकामी रानं सुरू झाली.

"माह्या बापानं मले देल्ला होता तो," ती शेवटी म्हणाली. "मी तुमाले देल्ला होता."

"हाव. मंग?"

"मंग तिनं मधात येऊन देल्ला. तिच्या खुशीनं."

"कोणी का देईना. आला ना आपल्या घरी?"

"तिचा देल्लेला आला. आता जलमभर लोक म्हणतीन, कोकिळेनं सोडला म्हणून उकंडरावले भेटला. तुमी जितले तरी तिनं देल्लं म्हणून जितले. तुमाले चालन?"

"मले चालन," उकंडराव अगदी मनापासून म्हणाला.

"मले नाही चालत. गाडी फिरवा."

त्यानं खूप समजावलं. त्यालाही तो कासरा हवा होता, हे तिला त्या वेळी पहिल्यांदा नीट दिसलं. मांडीवरचा हात तो उचलत नव्हता. पण बाई उतरून चालायला लागली तेव्हा त्यानं गाडी फिरवली. परतीच्या वाटेवर तो गुणगुणला नाही.

रोहिणखेडला अंगणातच पुंजाजी आणि शेषराव भेटले. पुष्पाबाईनं कासरा शेषरावाच्या हाती दिला आणि म्हणाली, हा ज्यानं पट मारला त्याचाच, मी काल नुसती पाहून राह्यली होती घरात कोणाचं मन केवढं हाय. हे वाक्य तिनं वाटेत तयार केलं होतं आणि ते तिला बरं जमलंही. पुंजाजीनं तिला जवळ घेतलं. शेजारचे चारजण जमले, पुन्हा कौतुक झालं, आणि यावेळी ते तिचं एकटीचं होतं. उकंडराव गाडीवरून उतरला नाही.

निघण्याआधी ती पाणी प्यायला मागच्या अंगणात गेली. कोकिळा एकटीच भांडी घासत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"मले ठाऊक होतं, तू येशीन परत," कोकिळा म्हणाली.

"काऊन?"

"मी देल्लेलं तू कधी ठेवलं काय, बाई?"

पुष्पाबाईनं हातातला पाण्याचा गडू खाली ठेवला. कोकिळेनं घासलेली परात उपडी घातली आणि दुसरी घेतली. आवाजात राग नव्हता, खवचटपणा नव्हता, रोजचंच काही सांगावं तशी ती बोलत होती.

"कठड्याचं बी ठाऊक होतं. तीन सालं झाली, मी त्याईले म्हणून राह्यली, कठडा घाला, मले भेव वाटते. माह्यं आयकते कोण? वजन होते म्हणे. तू अंगणात फुली मारा म्हणून राह्यली होती तवा मी दारातच होती. एवढं लोखंड माणूस मायेपाई घालत नाही. पण म्हणलं, घालू दे. अकडसासूचं त्याईले मोडता येत नाही."

तिनं राख घेतली आणि परात घासू लागली.

"बस, चहा ठेवते," ती म्हणाली.

पुष्पाबाई उभीच राहिली. बापाची माया कोकिळेला मिळाली, पटाची हौस कोकिळेला मिळाली, लेकाची जागाही आता तिच्याच घरी गेली. एक हेवा तेवढा आपला, आपल्या एकटीचा, असं ती समजून चालली होती. तोसुद्धा कोकिळेनं वापरून घेतला होता.